निव्वळ वजन

गाडी काट्यावर आली की
आधी खाली वाकून बघतो,
मागचं चाक प्लेटवर पूर्ण चढलंय ना,
ड्रायव्हर उतरलाय का,
क्लीनर टपावर झोपलेला तर नाही.
मग आकडा थरथरायचा थांबेपर्यंत थांबतो.
मगच बटण.
सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ, एकवीस वर्षं,
माझ्या पावतीवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

आणि दोन गाड्यांच्या मधे, दहा मिनिटांच्या डावात,
समोरच्याची चाल न बघताच
मी घोडा उचलतो.

हल्ला मला आवडतो.
घोडा राजाच्या अंगावर नेला की छाती भरून येते,
मग मागं माझं काय उघडं पडलंय
ते दिसत नाही.

हे दाखवलं सन्मतीनं. बहिणीची पोरगी, अकरावीला.
रविवारी माधवनगरहून येते आणि माझे हरलेले डाव
दवाखान्यातले रिपोर्ट चाळावेत तशी चाळते.
"मामा, चौथ्या चालीला वजीर कशाला बाहेर काढलासा?
वरातीत आधी पोरं नाचत्यात. थोरली माणसं मागनं."
आणि बोट टेकवून,
"ह्यो उंट. अठ्ठावीस चाली जागचा हलला न्हाई.
पगार तरी देता का त्याला?"

मी हसलो.
रात्री एकटाच परत बघितला तो डाव.
खरंच, उंट शेवटपर्यंत
आपल्याच प्याद्यांच्या पाठीला नाक लावून उभा.

गेल्या दसऱ्याला मी आठशे बारा होतो.
नवी हळद यायला लागली तेव्हा हजार चाळीस.
मग एका रात्रीत, चिडून चिडून, ओळीनं सात डाव घालवले
आणि नऊशे ब्याऐंशीवर आलो.
आता अकराशे सहा.
किल्लेकोट वेळेवर होतो, एवढं मात्र जमलं.
'राग आला की फोन खिशात'
असं पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.
तो पुठ्ठा फोनखालीच असतो, म्हणून दिसत नाही.

फोनच्या काचेवर उजव्या कोपऱ्यात
हळदीचा पिवळा अंगठा उमटलेला असतो,
बरोबर हत्तीच्या घरावर.
पुसला तरी सकाळी परत.

परवा रात्री दीड वाजता
निळ्यावर एक पांढरा तारा, असल्या झेंड्याचा गडी.
देश कुठला, मला माहीत नाही.
माझ्याकडं वजीर, हत्ती, दोन प्यादी.
त्याच्याकडं नुसता राजा, कोपऱ्यात.
बाहेर निपाणीकडची गाडी हॉर्नवर हॉर्न देत होती.
मी वजीर सरकवला.
शह नाही.
पण त्याला पाय ठेवायला घरही नाही.
बरोबरी.

एवढा माल भरलेला,
आणि पावती अर्ध्या गुणाची.

बाहेर गेलो. वाकलो. चाकं बघितली.
टपावर बॅटरी मारली.
ड्रायव्हर म्हणाला, "उतरलोय की ओ, हितंच हाय मी."
आकडा थरथरत होता.
थांबलो.

डाव सन्मतीला पाठवला.
सकाळी तिचा निरोप,
"मामा, त्यो राजा आता कुठं जाईल,
ते बघितलासा का?"

नाही बघितलं.

रविवारी ती खरा पट आणणार आहे.
पिशवीत फक्त तीन मोहरी, दोन राजे आणि एक हत्ती.
बाकीची घरी.
हे जमेपर्यंत नवा डाव बंद, म्हणाली.

मी विचारलं, आणि उंट?
"त्याचं पुढच्या म्हैन्यात बघू."